सगळ्यांच्या हातातलं एकच पुस्तक

महाड-पोलादपूर पट्ट्यात कुणाच्याही घरी भिंतीवर काळ्या कोटातला गेलेला माणूस दिसला, तर खुशाल समजा की तो कोट माझा आहे. माझा म्हणजे खरोखरच माझा, माझ्या लग्नात शिवलेला. मी तो आयुष्यात एकदाच घातला, ऐन मे महिन्यात, तीन तास. घामाने त्याची जी दशा झाली ती बघून सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, तो घरात ठेवायला साफ नकार दिला. मग तो बाजारपेठेतल्या माझ्या स्टुडिओत खिळ्याला लटकला, आणि पासपोर्ट फोटोला येणारा जो तो त्यात शिरायला लागला. पुढे कॉम्प्युटर आला तेव्हा मी त्या कोटाचाच फोटो काढला, कडेने नीट कापून ठेवला, आणि तेव्हापासून तो न धुता, न इस्त्री करता कुणाकुणाच्या अंगावर चढला याची मोजदाद मी ठेवलेली नाही.

संपादकांनी सांगितलं, तुमच्या कलेविषयी लिहा. कला हा शब्द ऐकून सुनंदा स्वयंपाकघरातून हसली. मीही आधी हसलो. पण मग वाटलं, लिहू या. कारण या कलेत माझी एकदा जी शोभा झाली ती दोन्ही तालुक्यांत तोंडी फिरतेच आहे, आणि लोक तिला रोज नवी शेपटी जोडतात. त्यापेक्षा मीच सांगितलेली बरी.

आमचं काम कसं चालतं ते आधी सांगतो. माणूस मेल्यावर घरच्यांना कळतं की त्याचा फोटोच नाही. मग मतदार कार्ड येतं, रेशनकार्ड येतं, कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो येतो, ज्यात आजोबा मागच्या रांगेत अर्धे कुणाच्या तरी फेट्याआड आहेत. तो नखाएवढा चेहरा कापायचा, मोठा करायचा, दिसत नाही तो कान दुसऱ्या बाजूच्या कानावरून उलटा करून लावायचा. खाली कोट, मागे पडदा. एकावर एक चपात्या ठेवाव्यात तसे हे थर कॉम्प्युटरवर रचायचे, आणि शेवटी सगळं असं दाबून एक करायचं की घरच्यांनी म्हणावं, अगदी जसेच्या तसे दिसतात हो. जसेच्या तसे कुठले दिसायला! आजोबांनी जन्मात कोट पाहिला नव्हता.

एकदा नाते या माझ्या मूळ गावात, पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे गेलेल्या माणसाच्या स्मरणाच्या, कार्यक्रमाला दोन घरांची जुंपली. पाहुण्यांनी फोटो पाहिला आणि म्हणाले, हा कोट आमच्या अण्णांचा, ही डावीकडची दुमडलेली कॉलर आम्ही ओळखतो, तुम्ही नेलात तो परत दिला नाहीत. यजमान म्हणाले, आमचे तात्या कुणाचं घेऊन ठेवणारे नव्हते. प्रकरण माझ्या दुकानात आलं. मी खिळ्यावरचा खरा कोट काढून टेबलावर ठेवला. दोघांनीही ती दुमडलेली कॉलर हात लावून पाहिली. मग पाहुण्यांनी तो अंगात घालून बघितला, बरा बसला, आणि स्वतःचाही एक फोटो काढून घेतला.

पण नुसत्या कोटावर महाडात धंदा चालत नाही. आमच्या गावात तळं आहे, आणि त्या तळ्याचं पाणी कुणी, का आणि कसं हातात घेतलं हे इथल्या पोरांना अंगणवाडीतच कळतं. मार्चमध्ये गर्दी लोटते तेव्हा चौकाचौकांत फ्लेक्स लागतात, आणि प्रत्येकाला एकच विषय हवा असतो: शिकला तो सुटला. ज्ञानाने माणूस मोकळा होतो हे चित्रात दाखवा. फोटोंचे तुकडे जोडून हे चित्र करण्यात माझा हात बसला, आणि बघता बघता मार्चपुरतं काम बारमाही झालं. निवृत्ती असो, वाढदिवस असो, माणूस मेलेला असो, गल्ल्यावर मी विचारायचो, साधा करायचा की मुक्तीवाला?

मुक्तीवाल्याला चार वस्तू लागतात. तुटलेली बेडी, उगवता सूर्य, उडतं कबुतर आणि उघडं पुस्तक. बेडी म्हणजे शेजारच्या वाडीतल्या म्हशीची साखळी आहे, मी ती म्हैस चरायला गेल्यावर फोटोत घेतली. कबुतरं पोलादपूरच्या एसटी स्टँडावरची. सूर्य आंबेनळी घाटातून काढलेला, आणि आता मान्य करायला हरकत नाही की तो मावळतीचा आहे. पहाटे चारला उठून उगवता सूर्य टिपायचा माझा पिंड नाही. इतकी वर्षं ज्ञानाचा सूर्योदय म्हणून मी मावळता सूर्य खपवला, कुणी हूं की चूं केलं नाही.

सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले एक भाऊसाहेब मुक्तीवाला करायला आले. दोन्ही हातांनी साखळी तोडताना मी दिसलो पाहिजे, म्हणाले. केलं. मग म्हणाले, साखळी बारीक वाटते, जाड करा. जाड केली. अजून जाड. चौथ्या खेपेला त्यांची बायको सोबत आली होती. तिने चष्मा लावून फोटो बघितला आणि शांतपणे विचारलं, "तुम्हाला कुणी बांधलं होतं हो? साडेपाचला तर घरी यायचात." भाऊसाहेबांनी साधा फोटो नेला.

आता पुस्तकाचं. सगळं रामायण त्यातच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. उघड्या पुस्तकाचा फोटो काढणं दिसतं तितकं सोपं नाही. जाड ग्रंथ सपाट राहत नाही, मधे फुगतो, पानांवर सावली पडते, वारा आला की पान मिटतं. मी घरातली होती नव्हती ती सगळी पुस्तकं मांडून पाहिली. शेवटी सुनंदाच्या कपाटात एक पुस्तिका सापडली, मधोमध पिना मारलेली. उघडली की भाकरीसारखी सपाट. दोन्ही पानं पांढरीशुभ्र, मजकूर भरगच्च, एकही चित्र नाही. मी गच्चीवर नेऊन उन्हात तिचा एकच फोटो काढला, आणि काम झालं. त्यात काय लिहिलंय हे मी पाहिलं नाही. कशाला पाहू? भिंतीवरच्या फोटोत पुस्तक होणार तळहाताएवढं आणि अक्षरं मुंग्यांएवढी.

आमच्या घरात पुस्तकाला मान मोठा. वडील शाळेत शिपाई होते. कपाटातली पुस्तकं रोज फडक्याने पुसायचे आणि आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत, मळतील म्हणून. पुस्तक म्हणजे पुसायची वस्तू, हा संस्कार माझ्यावर तिथलाच.

ते एक पुस्तक मी सगळ्यांच्या हातात दिलं. डॉक्टर झालेल्या मुलीच्या हातात, सरपंचाच्या हातात, गेलेल्या आजीच्या हातात. एक मुख्याध्यापक होते, करारी माणूस, अख्खा तालुका त्यांना गुरुजी म्हणतो. त्यांच्या निवृत्तीचा फ्लेक्स शाळेच्या फाटकावर महिनाभर होता, आणि त्याचीच फ्रेम त्यांनी दिवाणखान्यात लावली. फ्रेम न्यायला आले तेव्हा चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी फोटोतल्या पुस्तकाकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "ग्रंथ अगदी माझ्या आवडीचा निवडलात." मी मान डोलावली. आपल्याला काय, गिऱ्हाईक खूश.

मध्ये पूर आला. सावित्रीचं पाणी दुकानात माळ्यापर्यंत चढलं. कॉम्प्युटर गेला, कॅमेरे गेले, पंचवीस वर्षांच्या निगेटिव्ह चिखलात गेल्या. खरा कोटही गेला. राहिला एक पेनड्राइव्ह, कारण तो माझ्या खिशात होता. त्यात कोट, बेडी, सूर्य, कबुतरं आणि पुस्तक एवढंच. त्या पाच फोटोंवर मी पुन्हा उभा राहिलो, त्यामुळे त्यांच्याविषयी मला माया होती हे समजून घ्या. नवीन पुस्तकाचा फोटो काढ, असं सुनंदा दोनतीनदा म्हणाली. मी म्हणालो, चाललंय ना.

आणि मग ठकूबाई आल्या.

उमरठकडच्या एका वाडीतल्या. वय अडुसष्ट, अंगाने काटकुळ्या, नजर अशी की समोरच्याने आपोआप शर्टाची बटणं तपासावीत. सोबत मिलिंद नावाचा पस्तिशीतला गृहस्थ होता, मुंबईत कंपनीत नोकरी, शनिवार-रविवार वाडीत. वाडीने विहाराशेजारच्या खोलीत वाचनालय काढलं होतं, हा त्याचा सेक्रेटरी. मोठ्या भिंतीवर आठ फुटी चित्र हवं, म्हणाला. थीम एकदम पॉवरफुल पाहिजे, बेडी, सूर्य, कबुतर, मागे पृथ्वीचा गोल, शक्य असल्यास उपग्रह. आणि क्वालिटी फाडू पाहिजे काका, फ्लेक्सवाले धुरकट करतात तसं नको. माझ्या मनासारखं गिऱ्हाईक भेटलं म्हणून मी खुर्ची पुढे केली.

तो बोलत होता तोवर ठकूबाई माझ्या दरांच्या पाटीकडे बघत उभ्या होत्या. ओठ हलत होते. मला वाटलं, तोंडात मिसरी असेल.

चित्रात मधोमध कोण हवं, असं मी विचारलं. तेव्हा त्यांनी कनवटीची पिशवी सोडली आणि एक फोटो टेबलावर ठेवला. जुना, कडा कुरतडलेला. आंबेनळी घाटातली वाट, आणि डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक बाई, दोन्ही हात वर करून मोळी धरलेली. घाटात गाडी बंद पडलेल्या कुणा पाहुण्याने तो काढला होता आणि सांगितलेल्या पत्त्यावर खरंच पाठवला होता. ती त्यांची आई. आईचा जगातला एकुलता एक फोटो.

मिलिंद म्हणाला, वाचनालयासाठी जागा आजींच्या घरची मिळाली, म्हणून मध्ये त्यांच्या आई. मी लगेच सुरू झालो, कोट तर नाही पण चांगली नऊवारी देतो, चेहरा गोरा करतो, दागिने घालू का. ठकूबाईंनी हात वर करून मला थांबवलं.

"ते काय नको, भाऊ. तिच्या डोक्यावरची मोळी तेवढी उतरव. जन्मभर तशीच उभी हाय ती."

इतक्या वर्षांत लोकांनी मला काय काय चढवायला सांगितलं होतं. उतरवायला कुणी सांगितलं नव्हतं. आत कुठेतरी लागलं ते. मी म्हणालो, उतरवतो आक्का, शब्द देतो.

शब्द देणं सोपं. मोळी खोडली तर खाली डोकंच नव्हतं. कपाळाच्या निम्म्यापासून वर सगळं लाकूड आणि सावली. बरं, डोकं कुठून तरी आणू, पण हात? मोळी काढल्यावर दोन्ही हात हवेत तसेच राहिले. सुनंदाने स्क्रीनकडे बघून विचारलं, दरोडा पडलाय का हिच्या घरी? म्हणून ठकूबाईंनाच परत बोलावलं. त्यांना उजेडात बसवून पदर खाली घ्यायला लावला, भांग, कपाळ, केस टिपले. मग हात. पुस्तक धरल्यासारखे हात पुढे धरा म्हटलं आणि धरायला जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा दिला. त्यांनी पुठ्ठा धरला, उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "कोनचं बुक ठेवनार हायस?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणीही विचारला नव्हता. आणि मी, दीडशहाणा, काय म्हणालो? म्हणालो, चांगलंच ठेवतो आक्का, तुम्ही काळजी करू नका.

पुढचे आठ दिवस मी जे काम केलं तसं ना आधी केलं ना नंतर. लेकीच्या कपाळावरून आईचं कपाळ उभं केलं. भांगाची रेघ केसागणिक जुळवली. हात जोडले, पण चेहरा तिशीतला आणि हात अडुसष्टचे. म्हणून सुरकुत्या घालवल्या आणि ठकूबाईंना दाखवायला फोनवर फोटो पाठवला. मिलिंदकडून निरोप आला, आजी म्हणतात सुरकुत्या परत घाला, आयेचे हात तिशीतच असे झाले होते. परत घातल्या. आणि खरं सांगतो, मोळी उतरलेली ती बाई स्क्रीनवर पहिल्यांदा सरळ मानेने माझ्याकडे बघायला लागली तेव्हा मी आपोआप खुर्चीतून उठून उभा राहिलो. सुनंदाही बघून गेली आणि त्या दिवशी काही टोमणा न मारता चहा ठेवून गेली.

मग राहिलेल्या वस्तू घातल्या. पायाशी बेडी, मागे सूर्य, वर कबुतरं. उपग्रह कोपऱ्यात लहानसा. आणि हातात पुस्तक. मिलिंदने क्वालिटीचा धोशा लावला होता म्हणून या खेपेला मी पेनड्राइव्हमधली मूळ फाइल घेतली, कॅमेऱ्यातून आली होती तशी, एक कण कमी न केलेली. एरवी मी लहान करूनच वापरायचो. छापखान्यातही चांगलं कापड आणि चांगली शाई सांगितली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

उद्घाटनाला सगळी वाडी जमली होती. खुर्च्या, सतरंजी, ध्वनिक्षेपक, वडापाव. अध्यक्ष म्हणून कोण, तर आमचे निवृत्त गुरुजी. भिंतीवरच्या तसबिरींना हार झाले, त्रिशरण झालं, आणि गुरुजींनी चित्रावरचा पडदा ओढला. टाळ्या थांबेनात. बाया उठून जवळ गेल्या, मोळीवाली बाई हीच म्हणून जुन्या लोकांनी ओळखली. मिलिंदने मला पुढे ओढून शाल दिली. गुरुजी भाषणात म्हणाले की या चित्रातल्या ग्रंथात या माऊलीची मुक्ती सामावलेली आहे. मी मान खाली घालून, नम्र वगैरे दिसत उभा होतो, मग जागेवर येऊन बसलो.

मग ठकूबाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या म्हणाल्या, मला बोलता येत नाय, मी वाचून दाखवते. अंगणवाडीच्या ताईंकडे दोन पावसाळे बसून त्या वाचायला शिकल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं. दुकानातले ते हलणारे ओठ आठवले. मिसरी नव्हती ती, त्या दरांची पाटी वाचत होत्या.

त्या चित्रापाशी गेल्या. पुस्तक बरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर येत होतं, मोठ्या ताटाएवढं, आणि अक्षरं, माझ्या त्या फाडू क्वालिटीमुळे, लख्ख. त्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि माइकमध्ये एकेक अक्षर लावायला सुरुवात केली.

"खु... रा... डं..."

लोकांना वाटलं पाली गाथा असावी. पुढच्या रांगेतल्या दोघांनी हात जोडले. गुरुजींनी डोळे मिटले.

"खुराडं... उंचा... वर... असावं. जमीन... कोरडी... ठेवावी. पंध... पंधरा दिवसांनी... चुना... लावावा."

तेवढ्यात बाहेर एक खरी कोंबडी ओरडली. सुनंदा माझ्या शेजारीच बसली होती. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अहो, हे माझं पंचायत समितीतलं कोंबडीपालनाचं पुस्तक." शाल तशीच खांद्यावर होती, ती जड लागायला लागली. डोळ्यांपुढून सगळे सरकले, कोटातले अण्णा, तात्या, डॉक्टरीण, सरपंच, सगळे कसे गंभीर चेहऱ्याने खुराड्याची उंची वाचत बसलेत. गुरुजी तर तिसऱ्या वाक्यापर्यंत मान डोलावत होते. एवढ्या वर्षांत दोन तालुक्यांतल्या एवढ्या शिकल्या-सवरल्या माणसांत ते पान कुणीही वाचलं नव्हतं. मी तर नाहीच. वाचलं ते पहिल्यांदा या बाईने.

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरा. मिलिंद पांढराफटक पडून माइककडे निघाला, बस झालं आजी, छान वाचलंत, असं काहीतरी म्हणत. ठकूबाईंनी त्याच्याकडे बघितलंही नाही. बोट उजवीकडच्या पानावर गेलं होतं.

"मान... मोडी. हा रोग... झपाट्याने... पसरतो. आजारी पक्षी... ताब... ताबडतोब... वेगळा करावा. मेलेला... खोल पुरावा. बाकीच्यांना... लस... टोचावी."

इथे त्या थांबल्या. तेच वाक्य त्यांनी मनाशी पुन्हा एकदा लावून बघितलं. हसणारे अजून हसतच होते. मग त्या वळल्या, आणि माइकचं भान न ठेवता, अंगणात शेजारणीशी बोलावं तशा बोलल्या.

"माझ्या आयेच्या नऊ कोंबड्या व्हत्या. त्यांच्या अंड्यांवर तिनं मला पाटी आनली, शाळंत घातली. एक कोंबडी मान टाकाया लागली. आये म्हनली, बिचारीला थंडी वाजतंय. म्हनून तिनं ती बाकीच्यांच्यात नेऊन ठेवली, एकाच डालग्याखाली, ऊब मिळंल म्हनून. आठ दिसांत सगळ्या मेल्या. मंग मी पन तिच्यासंगं मोळीला जायाला लागले." त्यांनी परत पानाकडे बघितलं. "इथं लिवलंय, वेगळी करावी. येवढंच लिवलंय. पन तवा आमच्यात वाचनारं कुनी नव्हतं."

वडापाव वाटणारे हात जागच्या जागी राहिले. गुरुजींनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसतच राहिले.

कार्यक्रम झाल्यावर मी ठकूबाईंकडे गेलो. खरं म्हणजे पळून जायचं होतं, पण चप्पल त्यांच्या ओट्यापाशी होती. म्हटलं, आक्का, चुकलं. तुम्ही विचारलं होतंत कुठलं पुस्तक, मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आठ दिवसांत बदलून देतो, थोर ग्रंथ घालतो. आयुष्यात मी कुणा गिऱ्हाइकाची अशी माफी मागितली नव्हती. गिऱ्हाइकाचं चुकतं असंच माझं धोरण.

त्या म्हणाल्या, "बदलू नको. हेच राहू दे. अक्षर वाईच मोठं कर, मागं बसल्याला पन वाचता यायला हवं. आनि ती कबुतरं काढ. आयेनं कधी पाळली नाय. कोंबड्या घाल."

नऊ? मी विचारलं.

"नऊ," त्या म्हणाल्या.

मी सगळं नव्याने केलं. साखळी काढली, म्हैस काही तिची नव्हती. उपग्रह मिलिंदची समजूत घालून काढला. सूर्यासाठी मात्र पहाटे उठून गेलो, खरा उगवता टिपला, आणि सुनंदाने घड्याळात वेळ बघून ठेवली की हा चमत्कार कधी घडला. कोंबड्या आमच्याच परसातल्या. त्या एका जागी थांबत नाहीत, कबुतरं त्या मानाने सोशिक. शेवटी नऊच्या नऊ तिच्या पायाशी दाणे टिपताना बसवल्या. आणि पुस्तकाचं पान मी पहिल्यांदा पूर्ण वाचलं, दोन्ही बाजू, मग मोठ्या अक्षरात नव्याने बसवलं.

गुरुजींकडेही गेलो होतो, फ्रेम बदलून द्यायला. त्यांनी दारातच सांगितलं, असू द्या. आत डोकावलो तर फ्रेमखाली खुर्ची होती आणि खुर्चीवर भिंग. त्यांनी सगळं वाचून काढलं होतं. आता मी गल्ल्यावर प्रत्येकाला विचारतो, हातात पुस्तक कुठलं ठेवू, तुम्ही वाचलेलं सांगा. बरेच जण विचार करून म्हणतात, साधाच करा.

नवं चित्र लावायला मी एका मंगळवारी दुपारी वाडीत गेलो. मागच्यांनाही दिसावं म्हणून या खेपेला ते भिंतीवर जरा उंच चढवून झालं, आणि शिडी टेम्पोत ठेवून पक्कड राहिली म्हणून मी परत आलो, तर दाराशीच थबकलो. वाचनालयात दुसरं कुणी नव्हतं. ठकूबाई चित्रासमोर स्टुलावर चढून उभ्या होत्या. एक हात भिंतीला, एक बोट पानावर. आता त्यांना अडखळायला होत नव्हतं.

"आजारी पक्षी ताबडतोब वेगळा करावा," त्यांनी वाचलं. मग बोट तसंच ठेवून त्यांनी मान वर केली आणि आईच्या तोंडाकडे बघितलं.

"ऐकलंस का गो आये? वेगळा करायचा."

पक्कड न घेताच मी परत फिरलो.